दातदुखीची अपोलोनिया

गेंटच्या कार्यशाळेत, दिव्याखाली निजवली आहे तिला.
ओकच्या तीन फळ्या, पाठ किड्यांनी पोखरलेली.
हातात चिमटा. चिमट्यात दात असायला हवा.
नाही.
तिथे खडूचं अस्तर उघडं पडलंय,
पिवळट, गुळगुळीत, झिजल्या उंबऱ्यासारखं.

अहवालात मला लिहायचं आहे:
'रंगथर नष्ट. आकार मुलाच्या तळहाताएवढा. कारण:'
पुढे रिकामी ओळ.

जिनं काढली त्या हिलिसला कुणी कलावंत म्हणून हाक मारली असती
तर तो मागे वळून बघत बसला असता,
दुसरं कोण आलंय म्हणून.
त्याच्या संघात खोगीर शिवणारे होते, काचा बसवणारे होते.
करारात निळ्याचा भाव ठरलेला, सोन्याच्या वर्खाचा ठरलेला,
चेहऱ्याचा नाही. चेहरा मजुरीत धरलेला.
दात मात्र त्यानं जीव लावून काढला असणार.
इन्फ्रारेडखाली कोळशाची रेघ अजून दिसते:
मुळं तीनदा खोडलीत.

मग आले मासे खारवणारे, पिंपं ठोकणारे,
आल्या सुजल्या गालाला फडकं बांधून बायका.
तिच्याकडे बघायला कुणी आलं नाही.
ठणका लागला की यायचं, दातावर ओठ टेकवायचे, जायचं.
गुण आला की दात पाडावा लागला, कुठे लिहिलेलं नाही.
चित्र नव्हतीच ती.
औषध होती,
किंवा रात्री-अपरात्री दार उघडणारी शेजारीण.

मग एक उन्हाळा आला, हातोड्यांचा.
लाकडाला भजता, म्हणाले, आणि फोडत सुटले.
पण मला वाटतं, तिला सगळ्यात जास्त मानलं ते त्यांनीच.
नुसत्या फळीवर कोण एवढा चिडतो?
घंटा वाजवणाऱ्याची विधवा, पेरिने,
हिनं तिला पालथी घालून पिठाच्या कोठीवर झाकण केलं.
एकोणीस वर्षं.

पुढचं भराभर सांगते, कारण तेही तसंच गेलं.
एका ताग्याच्या व्यापाऱ्यानं तिला पडद्याआड टांगलं,
जेवणं झाली की पडदा सरकवून म्हणायचा,
'बोटं बघा, बोटं कशी उतरलीत!'
बोटं बघितली सगळ्यांनी. दात कुणाचाच दुखत नव्हता.
मग लुटीच्या गाडीतून पॅरिस. परत आली ती नंबर घेऊन.
सोनेरी चौकट, दोरखंड, 'हात लावू नये.'
लोक टोप्या काढून हळू आवाजात बोलू लागले;
चर्च सुटलं, कुजबुज तेवढी राहिली.
आणि एका म्हाताऱ्या अभ्यासकानं डोळे घालवून
खोगीरवाल्यांच्या वहीत हिलिसचं नाव शोधलं.

आता तिची मालक एक कंपनी आहे.
जिनिव्हाजवळच्या गोदामात, अठरा अंशांत, अंधारात
तीनदा विकली गेली, पेटी न उघडता.
ओठ नाहीत, हातोडा नाही, कुजबुजही नाही.
किंमत तेवढी वाढत राहिली, नखांसारखी.

कंपनीचं पत्र आलंय:
लिलावाआधी तेवढा दात भरून द्या.
वाचून हसू आलं. मग कळ आली.

भरता येईल. हात माझा बरा आहे,
निळ्याचा भाव आजही आधीच ठरतो
आणि मीही मजुरीतच धरलेली.
हिलिसचा दात परत येईल, मुळांसकट,
आणि शंभर हिवाळ्यांचे ओठ
एका दुपारीत पुसले जातील.

रिकाम्या ओळीत लिहिलं, 'झीज.'
खोडलं.
'वापर.' तेही खोडलं.

डाव्या बाजूची खालची दाढ सकाळपासून ठणकतेय.
दवाखान्याची वेळ उद्या चारची.
इमारतीत कुणी नाही. हातमोजा काढून ठेवलाय.
कोपऱ्यात कॅमेरा आहे.
असू दे.